संपात घेतलेला तास

मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक आहे. ओळख करून देताना मी हे वाक्य एवढ्यावरच थांबवतो, कारण त्यानंतर समोरच्याच्या चेहऱ्यावर जो आदर उमटतो तो दोन-चार मिनिटं तरी उपभोगून घ्यावा असं मला वाटतं. धायरीतल्या आमच्या सोसायटीच्या गणपतीत लहान मुलांना बक्षिसं द्यायला दरवर्षी मलाच बोलावतात. लग्नात सासूबाई मला मांडवभर फिरवून "जावई प्रोफेसर आहेत" असं सांगत होत्या. सहा महिन्यांनी त्यांना कळलं की जावई तासावर आहेत. "म्हणजे रोजंदारीवर?" त्यांनी माझ्या बायकोला विचारलं. बायको म्हणाली, "नाही गं आई, रोजंदारीवाल्याला दिवसभराचे मिळतात."

तिचं बरोबर आहे. आमच्या नोकरीला सरकारी भाषेत 'तासिका तत्त्व' म्हणतात. तत्त्व वगैरे शब्द आला की समजावं, पैसे कमी आहेत. वर्गात उभं राहून जितके तास बोललात तितक्या तासांचे पैसे. पेपर तपासणं, स्नेहसंमेलनात मुलांच्या मागे धावणं, तपासणीला कमिटी येणार म्हणून फायली लावणं, हे सगळं विद्येच्या सेवेत जमा. सुट्टी आली की तास बुडाला आणि तासाबरोबर पैसेही. त्यामुळे थोर पुरुषांच्या जयंत्यांना आमच्यासारखी माणसं मनातल्या मनात फार कळवळतात. एवढा मोठा माणूस, पण जयंती नेमकी सोमवारी यावी? सोमवारी माझे तीन तास असतात.

या नोकरीचा देव म्हणजे तासिकांची वही. प्रत्येक तास संपला की शिपाई ती लांबडी वही घेऊन वर्गाच्या दाराशी येतो. त्यात तारीख, वर्ग, वेळ, शिकवलेला भाग, मुलांची संख्या लिहायची आणि सही करायची. सही नाही तर तास नाही. मी अकरा वर्षं ती वही भरत आलोय आणि माझ्या नोंदी कॉलेजात सगळ्यांत नीटस असतात, हे मी नम्रपणे सांगतो. एकदा शिकवताना मला चक्कर आली होती आणि शुद्धीवर आल्यावर मी पाण्याच्या आधी पेन मागितलं, असं बायको पाहुण्यांना सांगते. ती तिथे नव्हती, पण गोष्ट तिला आवडते.

दर जुलैत आमची नव्याने मुलाखत होते. तीच माणसं, तीच खोली, आणि अकरा वर्षं ज्यांच्याबरोबर रोज जिन्यात भेट होते ते प्राचार्य मला विचारतात, आपला परिचय करून द्या. मी करून देतो. मग वर्ग सुरू होतात आणि नेमणुकीचं पत्र मात्र दिवाळीच्या तोंडावर हातात पडतं. तोपर्यंत आपण नोकरीत आहोत की समाजसेवेत, हे नक्की सांगता येत नाही. पगार तर त्याच्याही मागून येतो.

आमच्या कॉलेजात आम्ही असे सहा तासिकावाले होतो. त्यांत सगळ्यांत जुन्या मराठीच्या मॅडम. सतरा वर्षं झाली होती त्यांना. अंगाने किरकोळ, बोलणं मोजकं आणि तिरकस, सदाशिव पेठेत राहून जसं होतं तसं. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच आणि मुलगी इंजिनिअरिंगला. त्यांच्या वर्गात मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी असत. माझ्या वर्गात पुढच्या बाकावरची जागी ठेवणं हेच माझं संशोधन होतं.

गेल्या वर्षी सप्टेंबर संपत आला तरी पत्रं नव्हती की पैसे नव्हते. शिवाय पुढच्या वर्षी मराठीचे तास कमी होणार अशी बातमी आली. मराठीला तासिकावाले दोन होते, एक मॅडम आणि दुसरा नुकताच लागलेला एक तरुण. हा तरुण आपल्या नात्यातला नाही, असं संस्थेचे सचिव स्वतःहून सगळ्यांना सांगत फिरायचे, त्यावरून काय ते आम्ही समजून होतो. दोघांतला एकच राहणार होता. मॅडम स्वतः याबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. पण आम्ही मागण्या लिहायला बसलो तेव्हा तिसरी मागणी बाकीच्यांनी आग्रहाने घातली. थकलेले पैसे द्या, पत्रं वेळेवर द्या, आणि जो आधीपासून शिकवतोय त्याला पुढच्या वर्षी प्राधान्य, हे लेखी द्या. ही तिसरी मागणी मान्य झाली तरच मॅडमची नोकरी टिकणार होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला तर सगळ्यांत जास्त, कारण ते वाक्य मीच लिहिलं होतं.

पार्किंगमध्ये, स्कूटरवर बसून आमची सभा झाली. मी अर्थशास्त्राचा माणूस, कामगार संघटना हा माझा दरवर्षी शिकवायचा घटक; मी कसला गप्प बसतोय. एकट्या मजुराला सौदाशक्ती का नसते, संघटनेने ती कशी येते, संप कधी यशस्वी होतो आणि कधी फसतो, हे मी उदाहरणांसह समजावून सांगितलं. मग मुद्द्यावर आलो. म्हटलं, आपल्या हातात एकच हत्यार आहे आणि ते म्हणजे वही. कॉलेजला दर आठवड्याला वर्ग सुरळीत चालल्याचा अहवाल वर पाठवावा लागतो आणि सोबत वहीच्या पानांची प्रत जोडावी लागते. पानं कोरी गेली तर वरून विचारणा होणार. तेव्हा आपण घोषणा द्यायच्या नाहीत, फलक लावायचे नाहीत. फक्त वही कोरी ठेवायची. सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मॅडमनी घड्याळात पाहिलं आणि म्हणाल्या, "भाषण छान झालं सर. थोडक्यात, सही करायची नाही."

घरी येऊन मी बायकोला म्हटलं, उद्यापासून संपावर आहे. ती एका लॅबमध्ये नोकरी करते आणि तिचा पगार महिन्याच्या महिन्याला येतो, त्यामुळे घरात तिचं मत पक्कं धरलं जातं. ती म्हणाली की पगार तर तसाही येत नाहीये, मग संप आणि काम यांत फरक काय? मी तिला सौदाशक्ती समजावून सांगायला लागलो तर ती कुकर लावायला उठून गेली.

पहिले दोन दिवस आम्ही पाच जण स्टाफरूमबाहेरच्या बाकावर बसून काढले. सहावा, म्हणजे मराठीचा तो तरुण, त्याच सकाळी आजारी पडला आणि संप मिटला त्या संध्याकाळी बरा झाला. शिपाईमामा वही काखेत घेऊन येरझाऱ्या घालत होते आणि पानं कोरीच राहत होती. मला वाटलं नव्हतं, पण हत्यार लागू पडत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारीच प्राचार्यांनी मॅडमना बोलावून सांगितलं की उद्या सचिव येतायत, तिन्ही गोष्टींचं पत्र टाईप होतंय. प्राचार्य तसे वाईट माणूस नव्हते. त्यांना कुणाचंच वाईट करायचं नव्हतं, म्हणून ते सहसा काहीच करत नसत. ते काहीतरी करायला निघाले, याचा अर्थ पाणी गळ्याशी आलं होतं.

त्या संध्याकाळी मॅडम मला जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "तुमची वहीची कल्पना बरी निघाली." सतरा वर्षांत त्यांनी कुणाची एवढी स्तुती केली नसेल. मी धायरीपर्यंत सिंहगड रोडची सगळी गर्दी हसतमुखाने पार केली, आणि दोन रिक्षावाल्यांना आधी जाऊ दिलं.

आता तिसरा दिवस. माझ्या आयुष्यातल्या ज्या दिवसाबद्दल मी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असा दिवस.

अकराच्या सुमाराला तिसऱ्या वर्षाच्या दोन मुली बाकापाशी आल्या. बाकीचे तिघे चहाला गेले होते आणि मॅडम प्राचार्यांकडच्या पत्राचा मसुदा बघायला ऑफिसात. मुली म्हणाल्या, "सर, चौथं युनिट फुल बाकी आहे. सोमवारी इंटर्नल आहे आणि त्यातूनच येणार म्हणे. नुसतं आउटलाइन तरी सांगा ना." चौथा घटक म्हणजे कामगार संघटना.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. अकरा वर्षांत माझ्याकडे कुणी विद्यार्थी शिकवा म्हणून आला नव्हता. हजेरी लावा म्हणून आले, गुण वाढवा म्हणून आले, आणि एकजण तर त्याच्या काकांच्या प्लॉटला गिऱ्हाईक बघा म्हणून आला होता. शिकवा म्हणून कुणी आलं की शिक्षकाचं काय होतं, हे मला माहीतच नव्हतं. मी विरघळलो. म्हटलं, दहा मिनिटं, बाकावरच सांगतो. मग दोघींच्या आठ झाल्या, आठांच्या वीस. बाकावर मावेनात म्हणून समोरच्या चौदा नंबरच्या खोलीत गेलो, तर तीही भरली. हा तास नव्हे, ही नुसती चर्चा, असं मी मनाला बजावलं. चर्चेसाठी खडू लागतो म्हणून खडू घेतला.

आणि मग काय सांगू, मी शिकवलं. आयुष्यात एवढं चांगलं मी कधी शिकवलं नाही. संप ही काय चीज असते, हे पहिल्यांदाच पुस्तकातून नाही तर बाकावर दोन दिवस बसून आलेल्या माणसाच्या तोंडून येत होतं. एकजूट का टिकत नाही, हेही मी सांगितलं. म्हटलं, मालकाला संप मोडायला पोलिस लागत नाहीत. एक माणूस फुटला की पुरतं, आणि तो माणूस बहुतेक वेळा दुष्ट नसतो. त्याच्याकडे नेहमी एखादं फार चांगलं कारण असतं. मुलं भराभरा लिहून घेत होती. मागच्या बाकावरचा एकही जण झोपला नव्हता. एका मुलाने तर प्रश्न विचारला.

घंटा झाली. मी हात झटकत दाराशी आलो, तर शिपाईमामा उभे. लोणी काळभोरहून रोज पहिल्या बसने येणारा, कुणाचा तास बुडू नये म्हणून जिने चढून वही आणून देणारा माणूस. तास संपला, वही पुढे आली. "सर, सही तेवढी," ते म्हणाले. आणि मी सही केली. नुसती सही नाही. तारीख लिहिली. तिसरे वर्ष, खोली चौदा, अकरा दहा ते अकरा अठ्ठावन्न. शिकवलेला भाग: कामगार संघटना, संप व सामूहिक सौदाशक्ती. उपस्थिती त्रेसष्ट. शेवटी, नेहमीच्या सवयीने, 'घटक पूर्ण' असं लिहून त्याखाली रेघ मारली.

मला खरंच कळलं नाही. हे कुणाला पटत नाही आणि मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलं असतं तर मला पटलं असतं का? पण अकरा वर्षं हात जे करत आला ते त्याने केलं, आणि डोकं त्या वेळी त्रेसष्ट मुलांच्या कौतुकात न्हाऊन निघत होतं. मी शीळ घालत बाकावर येऊन बसलो. तिघे चहावरून आले तेव्हा मी त्यांना सांगितलं की मुलांशी जरा बोललो, ती आपल्याच बाजूने आहेत.

तीन वाजता सगळ्यांना प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर टाईप केलेलं पत्र होतं. मॅडमनी ते उभ्यानेच वाचलं, तिसऱ्या कलमाशी थोडं थांबल्या, आणि त्यांचे खांदे सैल झाले. ते मी पाहिलं. सचिवांनी खिशातून पेन काढलं. तेवढ्यात त्यांना काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, ती वही तरी बघू, ज्या कोऱ्या पानांनी आमची झोप उडवली ती. वही आली. त्यांनी पानं उलटली, एका पानाशी थांबले, चष्मा लावला आणि माझी नोंद मोठ्याने वाचली. वेळेसकट, उपस्थितीसकट. 'घटक पूर्ण' हे शब्द त्यांनी दोनदा वाचले.

सचिवांनी पेन खिशात घातलं, पत्राची घडी केली, बॅगेत ठेवली आणि अगदी शांतपणे म्हणाले, "वर्ग चालू आहेत म्हणायचे. मग प्रश्नच मिटला."

मॅडमनी हात पुढे करून वही मागून घेतली. माझी नोंद वाचली. "अक्षर सुंदर आहे," असं म्हणून त्यांनी वही परत टेबलावर ठेवली.

संप तिथेच संपला. आज एकाने घेतला तास, उद्या दुसरा घेणार, मग आपणच का मरा, असा हिशेब बाकी तिघांनी जिना उतरता उतरता केला. मी त्यांना दोष देत नाही. हेच मी सकाळी फळ्यावर लिहिलं होतं. मी धावत शिपाईमामांकडे गेलो आणि ती नोंद खोडून द्या म्हणून अक्षरशः हात जोडले. ते बिचारे कासावीस झाले. "खाडाखोड चालत न्हाई सर. मला काय ठावं, तुमी पेन काढलं म्हनून मी वही धरली." त्यांचंही खरं होतं.

मॅडम फाटकापाशी स्कूटर काढत होत्या. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मी कृतज्ञतेने घेतल्या असत्या. त्यांनी हेल्मेट घातलं आणि विचारलं, "मुलांना समजलं का?"

मी म्हटलं, हो, चांगलं समजलं.

"मग झालं तर," म्हणाल्या आणि गेल्या.

घरी मी हे सगळं बायकोला सांगितलं. ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही, आणि तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

थकलेले पैसे दिवाळीत आले, पत्रंही आली. तिसऱ्या मागणीचं नाव कुणी काढलं नाही. वर्षभर मॅडम माझ्याशी पूर्वीसारख्याच वागल्या, म्हणजे दिवसातून एखादं वाक्य. मीच त्यांना टाळत होतो. त्या स्टाफरूममध्ये आल्या की मला ग्रंथालयात अचानक काम निघायचं. त्या वर्षात मी जितकी पुस्तकं वाचली तितकी पीएच.डी.लाही वाचली नव्हती.

मग जुलै आला आणि मुलाखती. माझा नंबर मॅडमच्या आधी होता. बाहेरच्या बाकावर त्या फाईल मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि मी मनाशी पक्कं ठरवून आत गेलो होतो की आज काय ते सांगून टाकायचं. परिचय करून द्या, हे झालं. मग सचिव पुढे झुकले आणि म्हणाले, "मागच्या वर्षीच्या गडबडीत पुढाकार कुणाचा होता?"

घडाघडा बोलणं हा माझा धंदा आहे. पन्नास मिनिटं मी कशावरही बोलू शकतो. माझा होता, वहीची युक्ती माझी, मागण्यांची भाषा माझी, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "तसं बघितलं तर त्यामागे अनेक घटक असतात." असं मी खरोखर म्हणालो. सचिव हसले. म्हणाले, "तुम्ही तर तेव्हा वर्गात शिकवत होता म्हणा." आणि मी त्यावर 'हो' म्हणालो.

बाहेर आलो तर मॅडमनी विचारलं, काय विचारतायत. मी म्हटलं, नेहमीचंच. त्यांनी साडीचा पदर सारखा केला आणि आत गेल्या.

आठवड्याने यादी लागली. माझं नाव होतं. मराठीपुढे त्या तरुणाचं होतं. मी यादीसमोर उभा असताना शिपाईमामा बाजूला येऊन थांबले. मुलाखतीच्या दिवशी आत पाणी न्यायला तेच होते. मला वाटलं, माझ्या नेमणुकीबद्दल काही म्हणतील. ते यादीकडे बघतच हळू आवाजात बोलले. "बाईंनाबी त्योच सवाल केला व्हता. पुढाकार कुनाचा. बाई म्हनल्या, माजा. वहीची युक्तीबी माजीच, बाकीच्यांला मीच वढलं. तुमचं नावसुदिक घेतलं न्हाई." एवढं सांगून ते घंटा द्यायला गेले.

मला त्या क्षणी स्वतःची फार लाज वाटली. मी तडक स्टाफरूममध्ये गेलो आणि एका बैठकीत दीड पानी पत्र लिहिलं. संपाची कल्पना माझी, कोऱ्या वहीची योजना माझी, मॅडमनी तो आरोप स्वतःवर ओढवून घेतला आहे, तरी कारवाई करायची तर माझ्यावर करा आणि त्यांना परत घ्या. खाली सही केली. हे पत्र देऊन माझी नोकरी जाणार याबद्दल मला शंका नव्हती, आणि सांगायला हरकत नाही, जिना चढताना मला थोडं थोर वाटायला लागलं होतं.

प्राचार्यांनी पत्र शेवटपर्यंत वाचलं. मग उठून दार लावलं आणि पत्र माझ्या हातात परत दिलं. म्हणाले, "सर, तुमच्या भावना समजतात. पण यावर विश्वास कोण ठेवेल? संपात तास घेणारे तुम्ही एकटेच. तसं रेकॉर्ड आहे."

मी म्हटलं, पण हे खरं आहे.

"असेल," ते म्हणाले. "पण लेखी तुमच्याविरुद्ध काहीच नाही."

दुसऱ्या दिवशी मी सदाशिव पेठेत मॅडमच्या घरी गेलो. तीन मजले चढून गेलो आणि दारातच बोलायला सुरुवात केली. मुलाखतीत मी काय बोललो ते सांगितलं, काय बोलायला हवं होतं ते सांगितलं, पत्राचंही सांगितलं. मॅडम दार धरून ऐकत होत्या.

"वहीचं सोडलं तर मी आत खोटं बोलले नाही," त्या म्हणाल्या. "पुढाकार माझाच होता. तुमचं होतं ते भाषण. आणि मला राग आलाय सर, फार आलाय. पण तुमच्यावर रागवत बसले तर हा फॉर्म राहील. आज शेवटची तारीख आहे. आत या."

टेबलावर एका खाजगी शाळेचा अर्ज होता. पाचवी ते सातवीला मराठी शिकवायला बाई हव्या होत्या. एम.ए., पीएच.डी. झालेल्या आणि सतरा वर्षं पदवीच्या वर्गांना शिकवलेल्या मॅडमनी बाकी सगळे रकाने भरले होते. एकच अडला होता: एकाच संस्थेतील सलग अनुभव.

मी म्हटलं, लिहा सतरा वर्षं.

"सलग म्हणतायत ते," मॅडम म्हणाल्या. "आणि सोबत नेमणुकीची पत्रं जोडायची आहेत." त्यांनी सतरा पत्रं माझ्यापुढे ठेवली. "तुम्ही आकडेवाले. बघून सांगा."

मी एकेक पत्र उघडून बघितलं. प्रत्येकावर सुरुवातीची तारीख होती आणि शेवटची होती. मध्ये उन्हाळा. परत सुरुवातीची, परत शेवटची. माझ्याही कपाटात अशी अकरा आहेत, पण ती मी अशी ओळीने लावून कधी पाहिली नव्हती. सगळ्यांत लांब नेमणूक नऊ महिने बारा दिवसांची निघाली. मी पुन्हा पहिल्यापासून बघितली. मॅडम पेन घेऊन वाट बघत होत्या.

"नऊ महिने," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं. मग माझ्यासमोरचं ते सगळ्यांत लांब नेमणुकीचं पत्र ओढून घेतलं, तारखा स्वतः तपासल्या आणि म्हणाल्या, "बारा दिवस का सोडताय? तेवढे शिकवलंय मी." आणि रकान्यात जागा नव्हती तरी बारीक अक्षरात तेही लिहिले.